जुनी गाडी सेल्फ मारतेय पण पकडत नाही? आधी शोधा, मग पार्ट बदला

सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरतंय, पण गाडी काही पकडत नाही. जुन्या गाडीवाल्यांना हे दुखणं कधी ना कधी येतंच. मग आजूबाजूचे जमतात, एक जण म्हणतो प्लग बदल, दुसरा म्हणतो कार्बोरेटर खोल, तिसरा बाह्या सरसावून धक्का मारायला तयारच असतो. माझं ऐकाल तर पहिला अर्धा तास कुणाचंच ऐकू नका. नक्की काय येत नाहीये, करंट (म्हणजे प्लगवर पडणारी ठिणगी) का पेट्रोल, एवढं आधी शोधायचं, कारण ते कळलं की निम्म्याहून जास्त काम झालेलं असतं, आणि ते न कळता पार्ट बदलत सुटलं की दोन-तीन हजार सहज जातात आणि गाडी तिथेच उभी.

उदाहरणाला कार्बोरेटरवाली मारुती ८०० घेतो. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी आली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि साधारण २००० सालापर्यंतच्या गाड्यांना चोकची दांडी असायची. अजून गावोगावी चालू आहेत आणि बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं, हात जातो, म्हणून शिकायला यासारखी गाडी नाही. ओम्नीत तेच इंजिन आहे, फक्त पुढच्या सीटखाली. पद्मिनी, पेट्रोल अॅम्बेसेडर, जुनी पेट्रोल जिप्सी, सगळ्यांना हाच हिशोब लागू पडतो. इंजेक्शनवाल्या गाड्यांचं शेवटी थोडक्यात सांगतो.

काय काय जवळ पाहिजे

प्लग पाना, एक चांगला जास्तीचा प्लग, टेस्ट लॅम्प (१२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी, झालं), साधा मल्टिमीटर, कोरडं सुती फडकं, थोडा बारीक पॉलिश पेपर, पारदर्शक प्लास्टिकची बाटली आणि मेडिकलमधून ५ मिलीची एक सिरिंज. आणि चावी फिरवायला एक माणूस, जो तुम्ही "मार" म्हटल्यावरच मारेल आणि "थांब" म्हटल्यावर खरंच थांबेल.

गाडी न्यूट्रलमध्ये, हॅन्डब्रेक ओढलेला, जागा मोकळी. बिडी-सिगरेट लांब. ओढणी, सैल बाही, गळ्यातलं काही लोंबतं असेल ते बेल्टपासून दूर. आणि एक नियम डोक्यात पक्का ठेवायचा, पेट्रोल उघडं असताना करंट बघायचा नाही आणि करंट बघताना पेट्रोलचा पाइप उघडा ठेवायचा नाही.

आधी बघा सेल्फ खरंच नीट फिरतोय का

नवीन लोक इथेच फसतात. इंजिन फिरतंय म्हणजे बॅटरी ओके असं धरून चालतात. पण सेल्फ इतका करंट ओढतो की बॅटरी अर्धमेली असली तर सेल्फ कसाबसा फिरतो आणि कॉइलला (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) काही उरत नाही. मल्टिमीटर बॅटरीला लावा. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास पाहिजे, आणि सेल्फ मारताना साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको. जातंय म्हणजे आधी बॅटरी चार्ज करा, टर्मिनलवरची ती पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्याने धुवून काढा, अर्थिंगची वायर जिथे बॉडीला आणि गिअरबॉक्सला बोल्ट केलीय तिथे घासून घट्ट करा, मगच पुढे चला.

सेल्फ एका वेळी १० सेकंदांच्या वर मारायचा नाही. मग अर्धा-एक मिनिट थांबायचं. सलग मारत बसलात तर सेल्फ तापून जळेल आणि मग एकाच्या जागी दोन दुखणी.

आणि हो, सेल्फ चांगला फिरत असताना धक्का मारून काहीही होणार नाही. धक्का हा सेल्फच्या बदल्यात असतो, करंटच्या किंवा पेट्रोलच्या बदल्यात नाही.

फालतू वाटणाऱ्या गोष्टी, पण आधी याच

पेट्रोल आहे का? काट्यावर विश्वास नको, जुन्या गाडीचा काटा पाव टाकीवर अडकून बसलेला असू शकतो. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवा, डुबुक आवाज ऐका.

एलपीजी किट बसवलेली असेल तर डॅशबोर्डवरचा स्विच बघा. कार्बोरेटरच्या गाडीत त्याला सहसा तीन पोझिशन असतात, पेट्रोल, गॅस आणि मधली. मधल्या पोझिशनला दोन्ही बंद असतं. ती असते कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल जाळून मग गॅसवर जाण्यासाठी, पण पोरांनी खेळताना किंवा गाडी पुसताना स्विच मधे सरकला की गाडी कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर एकदा चालू होते, दोन-तीन मिनिटांत मरते, आणि मग सेल्फ कितीही मारा. कोल्हापूरच्या एका मित्राच्या गाडीला यापायी नवीन प्लग, नवीन कॉइल आणि कार्बोरेटरची सर्व्हिस, सगळं करून झालं होतं. गॅरेजवाल्यालाही स्विच दिसला नाही कारण तो स्टिअरिंगच्या खाली आत कुठेतरी बसवलेला.

तसाच चोर स्विच, म्हणजे गाडी चोरीला जाऊ नये म्हणून लपवून बसवलेला. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाला फोन करून विचारा, सीटखाली किंवा डॅशखाली एखादा लपवलेला स्विच आहे का. मग फ्यूज. बॉक्समधला इग्निशनचा फ्यूज नुसता बघू नका, काढून मल्टिमीटरने कंटिन्युइटी (आरपार करंट जातो का) बघा, वरून चांगला दिसणारा फ्यूज आतून तुटलेला असतो.

नाक आणि कान

दोन-तीनदा सेल्फ मारून खाली उतरा आणि सायलेन्सरपाशी वास घ्या. पेट्रोलचा कच्चा वास येतोय म्हणजे पेट्रोल पोचतंय, करंट नसेल किंवा गाडी ओव्हर झाली असेल, म्हणजे आत जास्तीचं पेट्रोल गेलं असेल. अजिबात वास नाही म्हणजे पेट्रोलकडे संशय न्या. हे शंभर टक्के नसतं, पण सुरुवात कुठून करायची ते सांगतं.

मग आवाज. निरोगी इंजिन सेल्फवर फिरताना आवाजात चढउतार असतो, ढक-ढक-ढक, प्रत्येक सिलिंडर दाबताना सेल्फवर जोर येतो तो ऐकू येतो. तो चढउतार गेला आणि सेल्फ नेहमीपेक्षा जोरात, एकसुरी, मोकळा पळतोय असं वाटलं तर लगेच थांबा. टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता मोठी आहे आणि अशा वेळी सेल्फ मारत राहणं शहाणपणाचं नाही. त्याची खात्री कशी करायची ते पुढे करंटच्या भागात सांगतो.

गाडी ओव्हर झाली असेल तर

चोक ओढून, अॅक्सिलरेटर दहा वेळा दाबून सेल्फ मारला की प्लग पेट्रोलने ओले होतात आणि ओल्या प्लगवर ठिणगी पडत नाही. यावर उपाय सोपा आहे. चोक पूर्ण आत ढकला, अॅक्सिलरेटर एकदाच पूर्ण तळापर्यंत दाबा आणि तसाच धरून ठेवा, पंपिंग करायचं नाही, आणि सेल्फ पाच-सात सेकंद मारा. भरपूर हवा जाते, जास्तीचं पेट्रोल निघून जातं, आणि गाडी फटफटत, काळा धूर टाकत उठते. नाहीच उठली तर प्लग काढा, पुसा, उन्हात वाळवा, तोपर्यंत प्लगच्या भोकांतून आतलं पेट्रोलही उडून जाईल. प्लगच्या वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-३-२ आहे, वायरी उलटसुलट बसवल्या की मूळ दुखणं राहतं बाजूला.

करंट

माझा अनुभव असा की जुनी गाडी अचानक बंद पडली तर आधी करंट बघावा, हळूहळू त्रास देत देत बंद पडली तर आधी पेट्रोल. नियम नाही, पण वेळ वाचतो.

जास्तीचा प्लग घेतला तो यासाठी. गाडीतला प्लग काढायची गरजच नाही, एका प्लगची फक्त वायर काढा, जास्तीचा प्लग तिच्यात खुपसा आणि त्याचं लोखंडी अंग इंजिनच्या कोऱ्या, रंग नसलेल्या लोखंडावर घट्ट टेकेल असं अडकवा. हातात धरू नका, हजारो व्होल्टचा झटका बसतो आणि दचकून हात बेल्टमध्ये जातो तो वेगळाच. आता सेल्फ मारायला सांगा. निळी, टणटणीत, टिकटिक आवाज करणारी ठिणगी आली तर करंट चांगला. पिवळी-नारिंगी, बारीक, कधी पडते कधी नाही, तर करंट कमजोर. काहीच नाही तर मागे मागे जायचं. प्लगची वायर मोकळी हवेत लोंबत ठेवून ठिणगी बघू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या गाडीत त्याने मॉड्यूल उडू शकतं.

एका वायरीला करंट आहे आणि दुसरीला नाही, तर वायर किंवा डेलकोचं (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) झाकण. तिन्हीला नाही, तर कॉइलपासून डेलकोत येणारी मधली जाड वायर तशीच तपासा. मधल्या वायरीला चांगला करंट आहे पण प्लगना नाही, म्हणजे चोर झाकणात नाहीतर रोटरमध्ये (झाकणाखाली फिरणारा तुकडा). झाकण उघडून आतून बघा. पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली दिसली तर करंट त्या रेघेवरून पळतोय, झाकण बदला. मधला कोळशाचा ठोकळा स्प्रिंगवर वरखाली होतो का बघा. रोटरला तडा आहे का बघा.

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, घाटमाथ्यावर निम्म्या वेळा याच्यापेक्षा जास्त काही नसतं, झाकणात दव धरलेलं असतं. कोरड्या फडक्याने आतून-बाहेरून पुसा, वायरी पुसा, गाडी उठते. अंधारात बॉनेट उघडून सेल्फ मारायला सांगितला तर फुटलेल्या वायरीतून निळ्या ठिणग्या बाहेर उडताना दिसतात, ती वायर बदलायची. आणि उंदीर! गाडी महिनाभर उभी असेल तर कुरतडलेल्या वायरी आधी शोधा.

झाकण उघडलंच आहे तर तेवढ्यात एक काम करा. सेल्फ मारायला सांगा आणि रोटर फिरतोय का बघा. या इंजिनात डेलको कॅमशाफ्टवर चालतो आणि कॅमशाफ्ट टायमिंग बेल्टवर. रोटर जागचा हलत नाही म्हणजे बेल्ट गेलाय, बाकी तपासणी बंद, गाडी टो करून न्या.

रोटर फिरतोय पण मधल्या वायरीला करंट नाही? आता टेस्ट लॅम्प. एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या प्लस टर्मिनलला, चावी ऑन. बल्ब लागायलाच पाहिजे. नाही लागला तर चावीच्या स्विचपासून कॉइलपर्यंत करंटच येत नाही, कॉइलला दोष देऊ नका. लागला, तर सेल्फ मारतानाही लागतोय का तेही बघा, कारण काही वेळा स्विच झिजल्यामुळे चावी ऑन असताना करंट येतो आणि स्टार्टला फिरवली की जातो. त्याची खूण म्हणजे चावी सोडतानाच गाडी एकदा फटकन पकडल्यासारखं करते. उलटही होतं, सेल्फ चालू असेपर्यंत गाडी पकडते आणि चावी सोडली की मरते. दोन्हीत आधी स्विच आणि त्याच्या वायरी बघा.

मग टेस्ट लॅम्प कॉइलच्या मायनसला लावा आणि सेल्फ मारा. पॉइंटवाल्या गाडीत (पॉइंट म्हणजे डेलकोतला उघडझाप करणारा छोटा स्विच) बल्ब लुकलुकला पाहिजे.
- लुकलुकतोय: पॉइंट उघडझाप करतायत. तरी करंट नसेल तर कॉइल किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी).
- सतत लागलेलाच: पॉइंट मिटत नाहीत, किंवा त्यांच्यावर काळा थर बसलाय. पॉलिश पेपरने हलकं घासा, फडक्याने पुसा.
- लागतच नाही: पॉइंट उघडत नाहीत, नाहीतर आतली छोटी वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, नाहीतर कॉइल आतून तुटलीय.

पॉइंटचं अंतर ते पूर्ण उघडलेले असताना ०.४ ते ०.५ मिमी. हे अंतर मोजायचा, पातळ पट्ट्यांचा फिलर गेज स्वस्तात मिळतो, घेऊन ठेवा. पॉइंट घासूनही दोन दिवसांत परत काळे पडतायत, सेल्फ मारताना त्यांच्यातच मोठी ठिणगी दिसतेय, तर कंडेन्सर गेलेला असतो. छोटी डबी, किंमत किरकोळ, पण माणसाला रडवते, कारण थंड असताना नीट चालते आणि इंजिन तापलं की दगा देते. कॉइलचंही तेच. प्लस-मायनसमध्ये मल्टिमीटरने काही ओहम दाखवायला पाहिजे, प्लस आणि मधल्या भोकात काही हजार. कुठेही "ओपन" दाखवलं तर कॉइल संपली. पण थंड कॉइल चांगलं रीडिंग देऊन गरम झाल्यावर मरू शकते, म्हणून बंद पडलेल्या अवस्थेतच मोजा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाल्या गाडीत पॉइंट नसतात, तिथे कॉइलपर्यंत करंट येतोय पण मायनसला लुकलुक नाही तर पिकअप (डेलकोतला सेन्सर) किंवा मॉड्यूल (पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग). त्यात घरी काही करण्यासारखं नाही, कनेक्टर काढून साफ करून लावा, एवढंच.

पेट्रोल

करंट ठणठणीत आहे तर इकडे या. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून अॅक्सिलरेटरची तार हाताने ओढा आणि कार्बोरेटरच्या घशात बघा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. या कार्बोरेटरला बाजूला एक गोल काचेची खिडकीही असते, पेट्रोलची पातळी तिच्या मधोमध दिसली पाहिजे. काच मळलेली असते, पुसून टॉर्चने बघा.

पिचकारी नाही, तर सिरिंजने ३-४ मिली पेट्रोल घशात सोडा, एअर फिल्टर परत बसवा (बॅकफायर झाला तर ज्वाला बाहेर येते, तोंड त्याच्यावर नको) आणि सेल्फ मारा. गाडी दोन-तीन सेकंद चालून मेली म्हणजे करंट, टायमिंग, कॉम्प्रेशन सगळं कामापुरतं ठीक, फक्त पेट्रोल येत नाहीये. या एका टेस्टमध्ये जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशात कळत नाही. बाटलीने बदाबदा ओतू नका, सिरिंज त्यासाठीच आहे.

मग एसी पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणारा इंजिनवरचा पंप. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलच्या प्लसची वायर काढून टोकाला टेप लावा, आणि सेल्फ मारा. ठोक्याला एक अशी पेट्रोलची चुळूक यायला पाहिजे. येत नसेल तर आधी टाकीचं झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला तर झाकणाचा श्वास कोंडलाय. मग फिल्टर, तो तपकिरी गाळाने भरला असेल तर बदला, शंभर-दोनशेचं काम आहे. मग टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाइप. तडा गेलेल्या पाइपातून पेट्रोल बाहेर गळतच असं नाही, पंप तिथून नुसती हवा ओढत बसतो. हे सगळं चांगलं असेल तर पंपाचा पडदा. ऑइलची पट्टी काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आणि पातळी वाढलेली दिसली तर पडदा फाटून पेट्रोल ऑइलमध्ये गेलंय, पंपाबरोबर ऑइलही बदलावं लागेल, तोवर गाडी चालवू नका.

पंप पेट्रोल देतोय पण काचेत दिसत नाही, तर वाटीत पेट्रोल सोडणारी-थांबवणारी कार्बोरेटरची सुई चिकटलीय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन-चार हलके टोले द्या, बऱ्याचदा सुटते. उलट काच तुडुंब आणि गाडी परत परत ओव्हर होतेय, तर सुई बंद होत नाहीये किंवा फ्लोट (सुई हलवणारा वाटीतला तरंगता तुकडा) फुटलाय. कार्बोरेटरचे मिक्श्चर आणि आयडलचे स्क्रू मात्र फिरवू नका! काल चालणारी गाडी आज स्क्रूमुळे बंद पडत नसते.

गाडी सहा महिने उभी होती का? मग जुनं पेट्रोल काढूनच टाका. त्याला वार्निशसारखा आंबट वास येतो. आता पेट्रोल पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉल हवेतलं पाणी धरतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे पाइप फुगणं, तडकणं याकडे लक्ष ठेवा. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडे गाडी चालवून दहा मिनिटं उभी केली आणि मग उठतच नाही, असं होत असेल तर पाइपात पेट्रोलची वाफ झालेली असते. बॉनेट उघडं ठेवा, पंपावर ओलं फडकं ठेवा, थांबा. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी नाही

टायमिंग बेल्टचे दात एक-दोन घर सरकले असतील, किंवा डेलकोचा बोल्ट सैल होऊन तो फिरला असेल. अशा वेळी गाडी कार्बोरेटरमधून शिंकते किंवा सायलेन्सरमधून फटाके वाजवते. नाहीतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. तिन्ही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गेजने मोजा. तिन्हीत फार फरक नको. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा, वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. इथून पुढे मेकॅनिकचं काम.

इंजेक्शनवाली जुनी गाडी असेल तर

चावी ऑन केली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुंईं असा पंपाचा आवाज येतो. नाही आला तर पंपाचा फ्यूज आणि रिले, शेजारचा सारखाच रिले अदलाबदल करून बघा. चेक इंजिनचा दिवा चावी ऑनला लागलाच नाही तर ईसीएमला (इंजिनाचा कॉम्प्युटर) सप्लाय नाही. चावीचं चित्र लुकलुकतंय तर इमोबिलायझर (खरी चावी नसेल तर गाडी चालू न होऊ देणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. पंप चालू, सगळं चालू आणि करंटही नाही इंजेक्शनही नाही, तर क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा), आणि त्यासाठी स्कॅनर लावून घ्या. या गाड्यांना सायलेन्सरच्या पाइपात धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यामुळे सेल्फ मारमारून कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये ढकलू नका, तो महागात जातो.

डिझेलला प्लगचा करंट नसतोच. तिथे हीटर प्लग आणि लाइनमधली हवा. फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढा आणि मग सेल्फ मारा.

मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच तर फोनवर "गाडी चालू होत नाही" एवढंच सांगू नका. "सेल्फवर दहा व्होल्ट राहतात, तिन्ही प्लगना निळा करंट आहे, रोटर फिरतोय, सिरिंजने पेट्रोल दिलं की दोन सेकंद चालते, पंपातून पेट्रोल येत नाही" असं सांगा. तो येताना पंपच घेऊन येईल, आणि काढलेला जुना पंप त्याच्याकडून मागून घ्या.